खुशालराव पालथे पडले

बाळापूरच्या अलीकडे एका लहानशा गावात खुशालराव म्हैसने राहतात. काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, हिवाळ्यात हरभरा आणि थोडी ज्वारी, बायको रुख्मिणी, मुलगा पियुष, सून आरती, आणि पोट. पोट शेवटी सांगितलं, पण गावात ओळख त्याचीच आधी. एसटीतून उतरून कुणी म्हैसन्यांचं घर विचारलं, की पारावरची माणसं उलट विचारायची, "कोनते म्हैसने? पोटवाले?"

हे पोट आळसातून आलेलं नव्हतं. खुशालराव साठीपर्यंत रोज शेतात जात. ते आलं होतं रोडगे आणि वांग्याच्या भाजीवरच्या निष्ठेतून. जेवणाच्या पंगतीला त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पत्रावळ मोकळी सोडायची, अशी गावात रीतच पडली होती. ओसरीवरच्या आरामखुर्चीत ते मागे रेलून बसले, की पोट वरून सपाट व्हायचं आणि त्याच्यावर संसार मांडला जायचा. चहाची कपबशी, चष्मा, टीव्हीचा रिमोट, अडकित्ता. कपबशी कधी सांडली नाही. कुणी हसवलं, तर ते आधी कपबशी उचलायचे आणि मग हसायचे.

झोपायचे तेही उताणेच. घोरणं असं, की एकदा अकोटला एका लग्नात लाइट गेले, सगळं वऱ्हाड घामाघूम होऊन पडलं होतं, तेवढ्यात खुशालरावांना झोप लागली. जनरेटर सुरू झाला असं समजून चार माणसं पंखे लावायला उठली.

आणि एक कुस्ती. तरुणपणी गावच्या जत्रेत खुशालराव शेजारच्या गावच्या महादेवरावांशी लढले होते. कुस्ती रंगात आली होती, तेवढ्यात कुणाचा तरी गोऱ्हा दावं तोडून आखाड्यात शिरला. पंच पळाले, लोक पळाले, पहिलवानही पळाले. निकाल लागला नाही. तेव्हापासून दोघंही ती कुस्ती जिंकलेले आहेत. पुढे दोघांची मैत्री झाली, सोयरीकही जुळता जुळता राहिली, पण त्या निकालावर एकमत झालं नाही. खुशालराव कुठेही गेले, बँकेत, तलाठ्याकडे, कुणाच्या साखरपुड्यात, तरी एक वाक्य बोलायचेच: "आमी कोनाले पाठ दाखवली नाई."

दोन वर्षांपूर्वी पौषात त्यांना ताप आला. फ्लूची साथ होती, घरोघरी खोकला होता. खुशालरावांनी ओव्याचा शेक घेतला, हळदीचं दूध घेतलं आणि आरामखुर्चीत पडून राहिले. पियुषचं बाळापुरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. तो रोज जाताना दवाखान्यात चला म्हणायचा आणि ते रोज उद्या म्हणायचे. शेवटी लक्षात आलं ते आरतीच्या. ती चहा द्यायला गेली तर सासऱ्यांच्या पोटावरचा रिमोट टकटक उडत होता. तिनं थोडं थांबून पाहिलं. मग आत जाऊन सासूला म्हणाली, की बाबांचा श्वास बराबर नाही, कपबशी ठेवायला जागा स्थिर राहून नाही राहिली.

त्याच दुपारी त्यांना अकोल्याला आणलं. एका खासगी दवाखान्यात आयसीयूत घेतलं. एक्स-रे काढला तर दोन्ही फुफ्फुसं कापसाच्या बोंडासारखी पांढरी. नाकात जोरानं ऑक्सिजन सोडणारी नळी लावली. खुशालरावांनी पियुषला खुणेनं जवळ बोलावून तक्रार केली, की हे लोक मले फुगवून राहिले.

तिथल्या डॉक्टर अबोली अमरावतीच्या. वडील तिथे शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे पोरगी रागावली तरी व्याकरण सोडत नसे. त्यांनी खुशालरावांना सांगितलं, की काका, तुम्हाला दिवसातला बराच वेळ पोटावर झोपावं लागेल.

खुशालरावांनी आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग पोटाकडे. मग पुन्हा डॉक्टरकडे.

डॉक्टरांनी समजावलं. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. माणूस उताणा पडला, की वरून हृदयाचं वजन आणि खालून पोटाचा दाब, दोन्ही मिळून तो भाग चेपून टाकतात. एरवी चालून जातं, पण आजारानं फुफ्फुस ओलं आणि जड झालं असलं, की चेपलेला भाग मिटूनच जातो आणि तिथे हवा पोचत नाही. माणूस पालथा झाला, की पाठीकडचा तो भाग मोकळा होतो, उघडतो आणि रक्ताला ऑक्सिजन मिळायला लागतो. औषध वेगळं, ते चालूच आहे. पण औषधाला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्याला काढायचा आहे.

"म्हंजे दोष माह्या पोटाचा हाय," खुशालराव म्हणाले.

"दोष फ्लूचा आहे, काका. पोट फक्त त्याला सामील झालंय."

खुशालरावांच्या अडचणी अनेक होत्या. पहिली अशी, की पोटावर झोपलं तर ते झोपणं होत नाही, झोका होतो. एकदा लहानपणी विहिरीच्या काठावर ते पालथे पडून पाण्यात पाहत होते, तेव्हाचं पोट लहान होतं, तरीही आत जाता जाता राहिले. दुसरी अशी, की देवानं नाक पुढच्या बाजूला दिलंय, ते उशीत खुपसायला नाही. तिसरी अडचण त्यांनी हळूच सांगितली. या खोलीत एवढे लोक, नर्सबाया, डॉक्टर, समोरच्या पलंगावरचा अनोळखी माणूस. या सगळ्यांना पाठ दाखवायची म्हणजे कसं करायचं.

डॉक्टर अबोलींना हे तिसरं काही कळलं नाही. त्यांना वाटलं दवाखान्याचा गाऊन मागून उघडा असतो, त्याची लाज वाटत असेल. म्हणून त्यांनी एक चादर मागवली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, पण इथे घडा पालथा व्हायलाच तयार नव्हता.

मग लपंडाव सुरू झाला. डॉक्टर राउंडला आल्या, की खुशालराव कण्हत कण्हत कुशीवर व्हायचे, पालथं होत असल्याचा देखावा करायचे, आणि पाठ फिरली की उताणे. पण डोक्याशी ऑक्सिजन दाखवणारं यंत्र होतं. ते उताणे झाले, की आकडा घसरायचा आणि यंत्र ओरडायचं. खुशालरावांनी त्याचं नाव चुगलीखोर ठेवलं. एकदा त्यांनी हात लांबवून आपला पंचा त्या यंत्रावर टाकला. आकडा दिसेनासा झाला, ओरडणं चालूच राहिलं. वॉर्डाच्या मुख्य नर्स शकुन सिस्टर. त्या मूळच्या बाळापूरच्याच. त्यांनी येऊन पंचा काढला, घडी घातली आणि म्हणाल्या, "काकाजी, यंत्राचं तोंड झाकलं म्हनून तुमचा दम भरते का?"

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी रुख्मिणीबाई आत आल्या. डॉक्टरांनी त्यांना बाहेरच सगळं सांगितलं होतं: असंच चाललं तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. रुख्मिणीबाई पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या. आधी त्यांनी घरची बातमी दिली, की हरभऱ्याला पाणी दिलं, म्हैस व्याली, वगार झाली. मग पदर सावरून विचारलं.

"आवो, एक सांगा. महादेवरावानं तुमची पाठ टेकवली होती का?"

खुशालरावांचे डोळे मोठे झाले. "नाई. कोन म्हनते?"

"मंग आखाड्यात पालथा पडला, तो हारते का?"

"नाई. पालथा हाय तोवर कुस्ती चालू राह्यते. पाठ टेकली, की हारला."

"मंग आल्यापासून तुमी पाठ टेकवून काहून पडून राहिले?"

खुशालरावांना दम लागलेलाच होता, त्यात विचारही करायचा होता. शेवटी म्हणाले, "उशा आन म्हना."

शकुन सिस्टरनं उशा आणल्या. एक छातीखाली, एक कमरेखाली, मधे पोटाला खाली लोंबायला मोकळी जागा. झोका झाला नाही. खुशालराव एका गालावर डोकं टेकवून पालथे पडले आणि समोरच्या पलंगावरच्या अनोळखी माणसाकडे असं पाहू लागले, जसं काही त्यानंच आता डाव टाकायचा आहे. यंत्राचा आकडा हळूहळू वर चढला. ओरडणं थांबलं. रुख्मिणीबाई म्हणाल्या, की लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा यांच्या पाठीवर तीळ आहे हे कळलं.

पण आजाराला कुस्तीचे नियम माहीत नसतात. खुशालराव आता मनापासून पालथे पडत होते, तरी एके सकाळी ते दमले. शब्द तुटायला लागले, ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टर अबोलींनी पियुषला आणि रुख्मिणीबाईंना बोलावून घेतलं. झोपेचं औषध देऊन घशात नळी घालायची, श्वास मशीन देईल, आणि झोपेतच त्यांना पालथं करून ठेवायचं, दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत. मग थोडा वेळ उताणं, मग पुन्हा पालथं. धोका आहे, पण दुसरा रस्ता यापेक्षा बरा नाही.

पियुषनं कागदावर सही केली. तेवढ्यात शकुन सिस्टरनं आणखी एक गोष्ट विचारली. नळी तोंडाजवळ चिकटपट्टीनं पक्की बांधावी लागते, पालथं असताना ती हलली तर अनर्थ. आणि काकाजींच्या मिशीवर पट्टी चिकटत नाही.

मिशी म्हणजे साधी मिशी नव्हती. दोन्ही टोकांना वर वळलेली, खोबरेल तेल पाजलेली. पियुषला तिची लहानपणापासून भीती होती. तो म्हणाला, की मिशीचं मी नाही सांगू शकत, उद्या ते उठले तर मला घरातून काढतील.

रुख्मिणीबाईंनी एका क्षणाचाही विचार केला नाही. "काढा," त्या म्हणाल्या. "मी लग्नापासून वाट पाहून राहिली."

आणि मग, सिस्टर वस्तरा आणायला गेल्यावर, तोंडात पदर धरून रडल्या. पियुषही रडला. मिशीसाठी नाही.

नळी घातली गेली. आता पालथं करायचं. एवढं मोठं शरीर, त्याला चहूकडून नळ्या, आणि एकही निसटता कामा नये. शकुन सिस्टरनं दोन वॉर्डबॉय बोलावले, फिजिओथेरपीवाला बोलावला, आणखी दोन नर्सा घेतल्या. तरी त्यांना माणसं कमी वाटली, म्हणून एक्स-रेवाल्यालाही ओढून आणलं. डॉक्टर अबोली डोक्याशी उभ्या राहिल्या, नळी हातात धरून. खुशालरावांच्या अंगाखाली एक चादर होतीच. छातीवर आणि कमरेवर उशा ठेवून वरून दुसरी चादर टाकली आणि दोन्ही चादरींच्या कडा एकत्र घेऊन, करंजीला मुरड घालतात तशा, घट्ट गुंडाळत आणल्या. काचेबाहेरून रुख्मिणीबाई पाहत होत्या. त्यांना ही मुरड एकदम पसंत पडली. त्या पियुषला म्हणाल्या, की आपली आरती करंजीला अशी मुरड घालत नाही, तिची तेलात उकलते.

सिस्टर म्हणाल्या, एक, दोन, तीन म्हटल्यावर उचलायचं. एक्स-रेवाल्यानं विचारलं, तीन म्हणताना, की तीन म्हणून झाल्यावर. त्यावर एक वॉर्डबॉय म्हणाला, आपल्याकडे नेहमी म्हणतानाच उचलतात. दुसरा म्हणाला, नाही, झाल्यावर. हा वाद तिथेच मिटला पाहिजे, कारण अर्धी माणसं म्हणताना आणि अर्धी झाल्यावर उचलतील तर करंजीची घडी मधेच मोडेल. डॉक्टर अबोलींनी निकाल दिला: तीन नकोच, मी "उचला" म्हणेन तेव्हा उचलायचं. सगळ्यांना ते पटलं.

आधी पलंगाच्या कडेला सरकवलं, मग कुशीवर उभं केलं, मग अलगद पालथं. नळी जागच्या जागी राहिली. एक हात डोक्याजवळ वर, दुसरा अंगालगत खाली, मान वरच्या हाताकडे वळवलेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, की याला पोहणाऱ्यासारखी ठेवण म्हणतात. रुख्मिणीबाईंनी काळजीनं सांगितलं, की डॉक्टरीणबाई, त्यांना पोहता येत नाही.

संध्याकाळच्या रक्ततपासणीत ऑक्सिजन चांगला वाढला होता. डॉक्टर अबोली हसल्या, अकोल्यात आल्यापासून पहिल्यांदाच असं शकुन सिस्टर नंतर सांगायच्या. थोड्या थोड्या वेळानं नर्सा येऊन मान आणि हात या बाजूचे त्या बाजूला करायच्या, डोळ्यांना मलम लावायच्या, कुठे चामडी दाबली जाते का ते पाहायच्या. सकाळी उताणं, दुपारी पुन्हा पालथं. असे काही दिवस गेले. दरवेळी उताणे झाल्यावरचा आकडा आधीपेक्षा बरा असायचा.

या मधल्या दिवसांत एका सकाळी महादेवराव भेटायला आले. त्यांना बऱ्याच विनवण्या केल्यावर काचेपर्यंत सोडलं. खुशालराव नुकतेच उताणे केलेले होते. पालथं राहून राहून चेहरा सुजला होता, डोळ्यांच्या फटी झालेल्या, आणि ओठावर मिशी नाही. महादेवरावांनी पाहिलं. पलंगावरची पाटी त्यांना दुरून दिसत नव्हती. पियुष औषधं आणायला खाली गेला होता आणि रुख्मिणीबाई चहा प्यायला. विचारायला कुणी नाही. महादेवराव तसेच पायऱ्या उतरले, एसटी धरली आणि गावात जाऊन सांगितलं, की दवाखान्यानं माणूस बदलला. आपला खुशाल तिथे नाही. त्याच्या पलंगावर कोणी चिनी माणूस ठेवला आहे.

दुपारपर्यंत गावात खळबळ. एक जीप भरून माणसं अकोल्याला निघाली. खुशालरावांची ओळख पटवायला प्रत्येकानं आपापली खूण आठवून आणली होती. कुणी म्हणे, डाव्या पायाचा अंगठा विळ्यानं कापलेला आहे. कुणी म्हणे, उजव्या. जीपमध्येच भांडण. दवाखान्याच्या दारात सुरक्षारक्षकानं अडवलं तेव्हा ते सगळे एकदम बोलू लागले आणि त्याला वाटलं, मोर्चा आला. रुख्मिणीबाई खाली आल्या, त्यांनी आपला नवरा तोच आहे असं सांगितलं. महादेवराव म्हणाले, की वहिनी, तुमी दुःखात हाय, तुमाले काही दिसत नाही.

डॉक्टर अबोलींनी शांतपणे सांगितलं, की आता पालथं करायची गरज नाही, सूज उतरेल, उद्या सकाळी या. दोन-चार माणसं दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिली, बाकीचे जीपनं परतले.

नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. खुशालराव स्वतः श्वास घेऊ लागले. थोडं पाणी प्यायले, कुणाला ओळखलं, कुणाला नाही, आणि थकून झोपी गेले. झोपले आणि घोरू लागले. आधी बारीक, खरखरीत, आजाऱ्यासारखं. मग नेहमीच्या ठिकाणी सूर लागला. महादेवराव काचेपाशी उभे होते, बरोबर टपरीवरची माणसं होती. त्यांनी डोळे मिटून नीट ऐकलं. मग फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "हाव. हा आपलाच माणूस हाय."

जागे झाल्यावर खुशालरावांचा हात सावकाश वर गेला आणि ओठावर थांबला. तिथे त्यांनी पुष्कळ वेळ चाचपलं. रुख्मिणीबाईंनी आपणच सांगितलं म्हणून सांगितलं, नर्सांवर येऊ दिलं नाही. खुशालरावांनी तोंड फिरवलं. दोन दिवस ते त्यांच्याशी बोलले नाहीत, मुगाचं पाणीही पियुषच्या हातूनच घेत. तिसऱ्या दिवशी रुख्मिणीबाईंनी वाटी पलंगावर आपटली. "मिशी उगवते," त्या म्हणाल्या. "मानूस उगवत नाई. प्या मुकाट्यानं." त्यांनी मुकाट्यानं प्यायलं.

घरी आले तेव्हा ते निम्मे झाले होते. पोटावर आता कपबशी राहत नव्हती, कलंडायची. पण अंगात एक नवाच जोम आला होता. आपण पालथं पडून मरणाला हरवलं, हे एकदा कळल्यावर त्यांना ते ज्ञान एकट्याजवळ ठेववेना. पारावर कुणी खोकला, की ते म्हणायचे, पालथा हो. कुणाचं डोकं दुखलं, पालथा हो. एकाचा दात दुखत होता, त्यालाही त्यांनी चावडीच्या ओट्यावर पालथा पाडून ठेवला. तो बिचारा दुपारभर तसाच पडून राहिला आणि मुंग्यांनी त्याचा कान चावला. आरतीला दिवस गेले होते आणि तिला मळमळत होतं. सासरे तिला काही सांगायला तोंड उघडतात न उघडतात, तोच रुख्मिणीबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. ते तोंड त्यांनी तसंच मिटलं.

तपासणीसाठी पुन्हा अकोल्याला गेले, तेव्हा त्यांनी डॉक्टर अबोलींना अभिमानानं सांगितलं, की तुमचं काम मी गावात पुढे चालवून राहिलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. दाताचं ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची पुढे ओढून सांगितलं, की काका, हे सगळ्यांसाठी नाही. फुफ्फुसं थकली असतील, ऑक्सिजन कमी पडत असेल, त्याला दवाखान्यात, यंत्रावर लक्ष ठेवून हे करतात. घरी कुणाला दम लागला, तर ओट्यावर पालथं पाडायचं नाही, गाडीत घालून इकडे आणायचं. तुम्ही जर वेळेवर आला असता, तर कदाचित नळीही टळली असती.

खुशालरावांचा चेहरा उतरला. डॉक्टरांना वाईट वाटलं असावं, किंवा त्यांना खरंच अडचण असावी. त्या म्हणाल्या, की वरच्या मजल्यावर जुन्या शहरातले एक वकील आहेत, हरिहरपंत नावाचे. न्यूमोनिया आहे, अजून मशीनपर्यंत गेलेले नाहीत, पण पालथे व्हायला तयार नाहीत. कोणत्या आधारावर, असं विचारतात. मी सांगून थकले. तुम्ही येता का?

खुशालराव मास्क लावून वर गेले. हरिहर वकील उशीला टेकून बसले होते, किडकिडीत, गोरे, नाकात नळी, आणि त्या नळीसकट डॉक्टरांना म्हणत होते, की कुठल्याही माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध पालथं करता येणार नाही. खुशालरावांनी आपली सगळी हकीगत सांगितली. वकिलांनी मान हलवली नाही. ते म्हणाले, हा ऐकीव पुरावा झाला. तुम्ही स्वतः पालथे होता त्यातला बहुतेक काळ तुम्ही बेशुद्ध होता, तेव्हा तुमची साक्ष चालत नाही.

खुशालरावांना साक्ष चालत नाही म्हणजे काय ते कळलं, आणि लागलंही. शेजारचा पलंग रिकामा होता. ते म्हणाले, "मंग डोयानं पाहा." आणि चपला काढून त्या पलंगावर चढले, आधी गुडघे, मग कोपरे, आणि पालथे झाले. एक हात वर, एक खाली, मान वळवलेली. अगदी बिनचूक.

"पाहा. दम लागून राहिला का मले? नाई," ते उशीतून बोलले.

वकिलांनी बारकाईनं पाहिलं. मग म्हणाले, ठीक आहे, आता उठा.

खुशालराव उठू लागले, पण उठता येईना. आजारानं दंडातली ताकद गेली होती, आणि पोट उशी नसल्यानं खाली रुतलं होतं. हात टेकवले की पाय वर, पाय टेकवले की डोकं खाली. पलंग कुरकुरायला लागला. रुख्मिणीबाई दारात उभ्या होत्या, त्या मदतीला न जाता भिंतीकडे तोंड करून हलत होत्या. शकुन सिस्टर धावत आल्या, दोन वॉर्डबॉय आले, आणि नेमका एक्स-रेवाला बाहेरून चालला होता, त्यालाही आत घेतलं. "उचला" म्हणायला डॉक्टर अबोली होत्याच.

हरिहर वकील हसले. हसताना त्यांना खोकला आला, खोकताना आकडा घसरला, यंत्र ओरडलं, तरी ते हसतच होते. शेवटी डोळे पुसून त्यांनी डॉक्टरांना हात केला आणि उशा मागितल्या. ते पालथे झाले. दुसऱ्या दिवशीही झाले, तिसऱ्याही दिवशी. मशीन लागली नाही. पंधरवड्यात घरी गेले.

पुढच्या हिवाळ्यात ते हुरडा खायला खुशालरावांच्या शेतात आले. येताना बसायला घरून गादी घेऊन आले होते. खुशालरावांच्या मनात मात्र हुरड्याखेरीज आणखी एक काम होतं. शेजारच्या शेतकऱ्यानं नांगरता नांगरता त्यांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, थोडा खाल्ला होता. वकील ताबडतोब म्हणाले, दावा लावू. खुशालरावांनी हात जोडले. दावा नको. तो मानूस चांगला हाय, बायकोच्या माहेरकडचा हाय. तुमी फक्त धुऱ्यावर उभं राहून तुमच्या भाषेत काही तरी जोरानं बोला.

हरिहर वकील पांढरा सदरा, काळी टोपी, हातात हुरड्याची पळसपत्रावळ, असे धुऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी ताबा, वहिवाट आणि हद्द यांच्यावर खणखणीत आवाजात भाषण केलं. पलीकडच्या शेतातला माणूस विळा हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्याला एक अक्षर कळलं नाही. भाषण संपल्यावर तो म्हणाला, की जी, तुमी भल्लं चांगलं बोलता, आमच्याकडे सप्त्यात कीर्तन कराले या. आणि घरी जाऊन त्यानं चहा ठेवायला सांगितलं.

धुरा पुढच्या नांगरटीला पहिल्या जागी आला. भाषणामुळे, की चहा पिताना रुख्मिणीबाई त्याच्या बायकोशी बोलल्या त्यामुळे, हे अजून ठरलेलं नाही.